घरपट्टी भरली, पावती आहे, तरी थकबाकी?

आईच्या नावावरच्या घराची पट्टी मी दर मार्चमध्ये भरतो. यंदाच्या बिलात मागची ३ वर्षं थकबाकी लावलीय. पावत्या डब्यात जपून ठेवल्यात, पण कारकून म्हणतात, "रजिस्टरला नोंद नाही." आई दोन रात्री झोपली नाही. आणि ग्रामपंचायतीचे एक सदस्य स्वतः पाणीपट्टी भरत नाहीत, त्यांना कोण विचारणार?

उत्तर: दादा, पावती नमुना १० ची, म्हणजे ग्रामपंचायतीची कर भरल्याची अधिकृत पावती आहे ना? मग घाबरू नका. नमुना ९, म्हणजे मागणी रजिस्टरची प्रत लेखी मागा. अर्जाला पावत्यांच्या झेरॉक्स जोडा, पोच घ्या. मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका.

उत्तर: सदस्याचं म्हणाल, तर ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम १४ बघा. बिल रीतसर बजावून मागणी केल्यापासून ३ महिन्यांत कर भरला नाही, तर सदस्य अपात्र ठरतो. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. बिल बजावल्याचा पुरावा मात्र लागतोच. तो आधी माहिती अधिकारात मागवा.

धन्यवाद. सोमवारी आईला सोबत घेऊनच अर्ज देतो. घर तिचं आहे, पोचही तिच्याच हातात पडू दे.