कॅबचं भाडं कोणी ठरवायचं, ॲपनं की आरटीएनं?

मुठाकाठची
परवा कोथरूडहून लोहगाव विमानतळाला निघाले. ॲपवर २९० रुपये दिसत होते. गाडीत बसले तर चालकदादा म्हणाले, "ताई, ॲपवरचं सोडा, सरकारी दरानं घेतो." त्यांनी मोबाईलवर किलोमीटर मोजायची साइट आधीच उघडून ठेवलेली. उतरताना सव्वाचारशे दिले, चांगलीच चिडले होते.

मग विमानाची वाट बघत हिशेब मांडला. पुण्यात वातानुकूलित कॅबला २०२४ च्या जानेवारीपासून पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ असा दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणानं, म्हणजे आरटीएनं, ठरवलाय. १७ किलोमीटरचे सव्वाचारशेच होतात. म्हणजे दादांनी मला लुबाडलं नव्हतं. सरकारी दर असेल तर ॲपच्या पडद्यावरही तोच दिसायला हवा, असं माझं मत. भांडण गाडीत बसल्यावर का?

शनिवारातला
अजिबात पटलं नाही. सरकारनं दर ठरवला की काय होतं ते आपण रिक्षात बघतोय. २०२२ च्या सप्टेंबरपासून पहिल्या दीड किलोमीटरला २५, पुढे १७. आता रात्री अकराला स्वारगेटला उतरा आणि "मीटरनं येता का?" विचारून बघा. ॲप आलं म्हणून ही हुज्जत संपली होती. तुम्ही २९० ला होकार दिलात, त्यांनी ते भाडं घेतलं, सौदा झाला. बसल्यावर दर बदलणं म्हणजे शब्द फिरवणं. सरकारी दरानंच यायचं होतं तर भाडं घ्यायचंच नव्हतं.

स्टेअरिंगमागून
साहेब, मी कॅब चालवतो. २९० मधून कंपनीचं कमिशन, सीएनजी, बँकेचा हप्ता. विमानतळावर परतीच्या भाड्यासाठी रांगेत दीड तास जातो, त्याचा पैसा कोणी देत नाही. भाडं घ्यायचं नाही म्हणता, तर नाकारलं की पुढच्या रिक्वेस्ट कमी होतात. सौदा दोघांत होतो, इथं दर तिसराच लावतो.

आकडेमोड
दोन्ही बाजूंचा एक गैरसमज आहे. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार राज्यानं ठरवलेल्या मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत ॲपला जाता येत होतं, जुलै २०२५ च्या सूचनांत ते दुप्पट केलं. खालची मर्यादा मूळ भाड्याच्या निम्मी. आता सव्वाचारशेचे निम्मे करा, साधारण २१२. म्हणजे मुठाकाठचीताई, तुमचे २९० त्या चौकटीत आरामात बसतात! अर्थात या सूचना राज्यांनी स्वीकारायच्या असतात आणि खरी खेचाखेची तिथंच आहे.

मला तर एकच ठाम दर नको. धो धो पावसात हिंजवडी फेज तीनमध्ये त्याच २५ रुपयांत कोण येणार? दुप्पट लावा, पण आधी सांगून.

मुठाकाठची
निम्म्याचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग सरकारी दराला अर्थ काय उरला? वर दुप्पट, खाली निम्मा. म्हणजे सव्वाचारशेच्या प्रवासाला २१२ पासून साडेआठशेपर्यंत काहीही. याला दर म्हणायचं की अंदाज?

शनिवारातला
त्यालाच बाजार म्हणतात, ताई. पटलं नाही तर बस आहेच.

स्टेअरिंगमागून
आकडेमोडसाहेब, भाडं निम्मं झालं म्हणून गाडी निम्म्या गॅसवर चालत नाही. आणि पावसात दुप्पट लागतं तेव्हा त्यातलं आमच्या हातात किती येतं, तेही लिहा. त्याच सूचनांत गाडी स्वतःची असेल तर चालकाला किमान ८० टक्के, असं आहे. ते आधी लागू करा, मग पावसाचं बोलू. सरकारी दरच हवा असा माझाही हट्ट नाही. गाडी, हप्ता आणि गॅस धरून तळाचा आकडा ठरवा, त्याच्या खाली ॲपनं जायचं नाही.

थांबतो, रिक्वेस्ट आली. खराडीचं भाडं आहे, ॲपचंच.