अ‍ॅम्ब्युलन्सला वाट द्यायला सिग्नल तोडला आणि चलान आलं, चूक माझी का?

जुळेकर_वॅगनआर
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात संध्याकाळी आपल्या सोलापुरात आसरा चौकाकडून सात रस्ता चौकाला येत होतो, सिग्नलला लाल पडला म्हणून पहिल्याच रांगेत थांबलो आणि मागनं सायरन. आरशात बघतो तर अ‍ॅम्ब्युलन्स बरोबर माझ्या बंपरला चिकटलेली, डावीकडं फ्री लेफ्टच्या तोंडात सात-आठ टूव्हीलर आणि एक रिक्षा अडकवून उभे, उजवीकडं डिवायडर. जाणार कुठं? सायरन सुरूच, मागचे सगळे हॉर्न वाजवालेत, आत कोण कुठल्या हालतीत असेल काय माहीत, म्हणून मी सरळ लाल असताना चौकाच्या मधोमध गाडी घातली. अ‍ॅम्ब्युलन्स रंगभवनकडं निघून गेली, मी मात्र दोन बाजूंच्या ट्रॅफिकमध्ये घुसलो, एका बुलेटवाल्याच्या चार शिव्या खाल्ल्या आणि रात्री मोबाईलवर ई-चलान. आता सांगा, वाट नाही दिली तरी दंड, दिली तरी दंड, मग माणसानं करायचं काय?

पार्कचौक_कट्टा
भरून टाका मालक आणि विषय संपवा. आणि खरं सांगू का, निम्म्या अ‍ॅम्ब्युलन्स रिकाम्याच पळत असतात, मी स्वतः बघितलंय, सायरन वाजवत आली, चौक पार केला आणि पुढं चहाच्या गाडीवर थांबली. त्या दिवसापासून आपण काय घाई करत नाही.

स्टिअरिंग_आणि_सायरन
कट्टा साहेब, मी अ‍ॅम्ब्युलन्सच चालवतो, नऊ वर्षं झाली, म्हणून जरा लांबलचक लिहितो, राग मानू नका. चहासाठी सायरन वाजवणारे आमच्यात आहेत, नाही म्हणत नाही, त्यांच्यामुळं आम्हीच शिव्या खातो. पण रिकामी गाडी म्हणजे काम नाही असं कुठं असतंय ओ? पेशंटला आणायला जाताना गाडी रिकामीच असते. हृदय बंद पडलं तर चार-सहा मिनिटांत मेंदूला मार बसायला सुरुवात होते, तिथं जाण्याचीच तर खरी घाई. तुम्हाला बाहेरनं ते कळणार नाही, त्यामुळं सायरन ऐकला की आत कोण आहे याचा हिशोब करत बसू नका.

आता जुळेकर भाऊंचं. तुम्ही वाट दिली त्याबद्दल हात जोडतो, पण लाल सिग्नलला कुणी चौकात घुसलं की माझीच छाती धडधडते, कारण आडव्या बाजूनं येणाऱ्याला हिरवा आहे, तो तुम्हाला ठोकणार आणि मग तुम्ही दोघं माझ्याच वाटेत आडवे पडणार. चौक आला की मी सायरनचा सूर बदलतो, लांब सुराचा पटपट वाजणारा करतो, वेग कमी करून दोन्हीकडं बघून घुसतो, ते माझं काम आहे. तुम्ही फक्त इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडं सरका, पट्टा थोडा ओलांडला गेला तर जाऊ दे. मी शक्यतो डिवायडरच्या कडेनं येतो, तेवढी एक पट्टी मिळाली की बास. आणि डावीकडं अडकलेल्यांना काच खाली करून ओरडा की "ओ, सरका, मागं गाडी आलीय", निम्म्यांनी कानात हेडफोन घातलेला असतो, उरलेल्यांना हेल्मेटमध्ये आवाज नेमका कुठनं येतोय ते कळत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे घाबरून मधेच कचकन ब्रेक मारणारे. मलाही मारावा लागतो, आणि मागं एकजण सलाईन धरून उभा असतो, स्ट्रेचरवरचा माणूस पट्ट्यात असला तरी पूर्ण हलतो. त्याच्याहून वाईट, मी पुढं गेलो की माझ्या मागं लागून चौक फुकटात पार करणारे बाईकवाले.

काळाकोट_सोलापूर
कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४-ई आलं, अ‍ॅम्ब्युलन्स किंवा फायर ब्रिगेडला वाट न देणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. काळजीपूर्वक सिग्नल ओलांडायची सवलत आहे ती त्या गाडीला, तुमच्या वॅगनआरला नाही. पण चलान गपचूप भरू नका, महाट्रॅफिकच्या अ‍ॅपमध्ये तक्रारीची सोय आहे, काय झालं ते लिहून टाका, डॅशकॅम असेल तर फुटेज ठेवा. आणि ते ड्युकला सायरनसारखे हॉर्न लावून फिरणारे आहेत ना, बहुसुरी हॉर्नला नियमातच मनाई आहे, खऱ्या सायरनची किंमत त्यांनीच घालवली.

बाळीवेस_बंब
आमच्या गल्लीचा अनुभव लिहितो. अ‍ॅम्ब्युलन्स तरी बोळातनं निघते, बंब कसा निघणार? दोन्हीकडं गाड्या लावलेल्या, वर मांडव, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर विचारूच नका. पाण्यानं भरलेला बंब कारसारखा पटकन थांबत पण नाही. ड्रायव्हिंगच्या २०१७ च्या नियमांत तर पहिला मान फायर ब्रिगेडचा, मग अ‍ॅम्ब्युलन्स, मग पोलीस. आमच्याकडं मान पार्किंगचा.

पार्कचौक_कट्टा
स्टिअरिंग भाऊ, रिकाम्या गाडीचं डोक्यात नव्हतं आलं. चहावाला मात्र मी बघितलाय बे, ते मागं घेणार नाही.

स्टिअरिंग_आणि_सायरन
नका घेऊ. पुढच्या वेळी दिसला तर गाडीचा नंबर घ्या, आम्हालाच द्या.

जुळेकर_वॅगनआर
काळाकोट साहेब, तक्रार टाकली. टाकताना चलानचा फोटो पहिल्यांदा नीट मोठा करून बघितला, पोलिसानं समोरनं काढलाय, माझी नंबर प्लेट एकदम स्वच्छ आणि माझ्या छताच्या मागं पांढरं बॉनेट, त्याच्यावरची ती उलटी अक्षरं अर्धी दिसालीत. तोच फोटो परत त्यांनाच जोडून पाठवला.