मदत हवी आहे: स्नॅप-फिट (वाकून खाचेत अडकणारी प्लास्टिकची जीभ) मुळाशी तुटतोय, केस बदलावी की सर्किट बोर्ड?

हातात धरायच्या सेन्सरची केस (बाहेरचं कवच) एबीएस या प्लास्टिकमध्ये मोल्ड करायची आहे. बॅटरीच्या झाकणाच्या स्नॅप-फिटची लांबी 8 मिमी, जाडी 1.5 मिमी, अडकण्याची खोली 1 मिमी. मुळाशी स्ट्रेन, म्हणजे वाकताना प्लास्टिक किती ताणलं जातं ते (1.5 × जाडी × खोली ÷ लांबीचा वर्ग) सुमारे 3.5 टक्के येतो. झाकण एकदाच बसवायचं असतं तर गोष्ट वेगळी. हे वारंवार उघडणार, म्हणून 2 टक्क्यांच्या आत राहायचं आहे.

लांबी 12 मिमी केली की स्ट्रेन 1.6 टक्क्यांवर येतो, पण बोर्डाचा कोपरा आडवा येतो आणि नेमका तिथेच अँटेना आहे. बोर्ड न हलवता जाडी टोकाकडे निम्मी उतरवली आणि खोली 0.8 मिमी केली, तर साधारण 1.7 टक्के. मुळाशी 0.75 मिमी गोलाई देणारच आहे. तीक्ष्ण कोपरा हेच तुटण्याचं मोठं कारण वाटतं.

एफडीएम प्रिंटवर (थरावर थर रचणारं 3डी प्रिंटिंग) भरवसा नाही. जीभ उभी प्रिंट केली की थरांच्या जोडावरच तुटते, मोल्ड केलेल्या भागाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

खोली 0.8 मिमी ठेवल्यास उपकरण पडल्यावर झाकण सुटेल का? टूलिंगआधी (मोल्डचा साचा बनवण्याआधी) ही चाचणी कशावर घेता: सीएनसी केलेल्या (मशीनने कोरलेल्या) एबीएसवर की व्हॅक्यूम कास्टिंगवर (सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून केलेल्या भागावर)? आणि केस, बोर्ड, अँटेना अशी तिहेरी ओढाताण पोर्टफोलिओत मांडताना नाकारलेले पर्याय आकड्यांसह दाखवावेत का? माझ्या मते दाखवावेत, पण भरती करणाऱ्यांनी सांगितलं तर बरं होईल.