लिंकन यांच्या लेखी देशाची एकी मोठी की माणसांची समता? मूळ दस्तऐवज वाचताना पडलेला प्रश्न

प्रश्न : पंचवटी वाचनवर्ग

नमस्कार. पंचवटीतील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही काही जण दर रविवारी वाचनाचा वर्ग घेतो. परीक्षेच्या पुस्तकात जे दोन ओळींत उरकले जाते ते मूळ दस्तऐवज समोर ठेवून सावकाश वाचायचे, एवढाच त्यामागचा हेतू आहे. आपल्या संविधानाची उद्देशिका वाचून झाल्यावर मुलांनीच अमेरिकेचा विषय सुचवला. सध्या आम्ही १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची भाषणे व पत्रे आणि यादवी युद्धानंतरच्या (म्हणजे संघराज्यातून फुटलेली दक्षिणेची राज्ये आणि उत्तर यांच्या युद्धानंतरच्या) घटनादुरुस्त्या वाचत आहोत.

गेल्या रविवारी, २२ ऑगस्ट १८६२ रोजी लिंकन यांनी 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेले पत्र घेतले होते. एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसे करीन, सर्वांना मुक्त करून वाचत असेल तर तसे करीन, आणि काहींना मुक्त करून बाकीच्यांना तसेच ठेवल्याने वाचत असेल तर तेही करीन, असे ते त्यात म्हणतात. हे वाचून एका विद्यार्थिनीने विचारले, "सुमारे चाळीस लाख माणसे गुलामीत असताना ज्यांना हे तिन्ही मार्ग सारखेच चालतात, त्यांना मुक्तिदाता कशासाठी म्हणायचे?" तिच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मला वाटते. परंतु त्यानंतर पंधरा महिन्यांच्या आत याच लिंकन यांनी गेटिसबर्ग येथे, सर्व माणसे समान आहेत या तत्त्वाला वाहून घेतलेले राष्ट्र असे आपल्या देशाचे वर्णन केले. देशाची एकी आणि माणसांची समता ही त्यांच्या लेखी दोन वेगळी उद्दिष्टे होती की एकच? आणि हा गुंता मुलांपुढे मांडायचा तर कागद कोणत्या क्रमाने वाचावेत? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : कायद्याचा वाचक, गंगापूर रोड

सर, त्या मुलीच्या प्रश्नापासूनच पुढचा वर्ग सुरू करा. फक्त पत्राच्या मागचा आणि पुढचा महिनाही तिच्यासमोर ठेवा. २२ जुलै १८६२ रोजी, म्हणजे पत्राच्या बरोबर एक महिना आधी, लिंकन यांनी मुक्तीच्या घोषणेचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. आपले सैन्य मागे हटत असताना अशी घोषणा केली तर ती हतबलतेतून केलेली वाटेल, म्हणून एखादा विजय मिळेपर्यंत थांबावे, असे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांनी सुचवले आणि लिंकन यांनी ते मानले. १७ सप्टेंबरच्या अँटिटमच्या लढाईने ती संधी मिळाली, आणि २२ सप्टेंबरला प्राथमिक घोषणा निघाली. तेव्हा ग्रीली यांना पत्र लिहिणाऱ्या माणसाचा निर्णय झालेला होता. गुलामांसाठी नव्हे तर देशासाठी लढू असे म्हणणारे उत्तरेतील लोक, आणि गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली केंटकी, मिसुरी, मेरीलँड व डेलावेअर ही चार राज्ये, यांना पुढच्या पावलासाठी तयार करणे हे त्या पत्राचे काम होते. शेवटच्या वाक्यात ते हेही सांगतात की ही माझ्या पदाच्या कर्तव्याची भूमिका आहे, आणि सर्वत्र सर्व माणसे मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा मी वारंवार बोलून दाखवली आहे, तिच्यात बदल नाही.

याचा अर्थ पत्रातील मजकूर दिखाऊ होता असा मात्र घेऊ नये. ४ मार्च १८६१ च्या पहिल्या शपथविधीच्या भाषणात, ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावण्याचा मला अधिकार नाही आणि तसा माझा विचारही नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. त्यांचा विरोध होता तो ती नव्या प्रदेशांत पसरू देण्याला.

यानंतर १ जानेवारी १८६३ ची अंतिम घोषणा मुलांच्या हातात द्या आणि तिच्यातला सर्वांत रुक्ष भाग मोठ्याने वाचायला सांगा. बंडखोर राज्यांची यादी येते, आणि लुइझियानाचे नाव येताच तिथले तेरा परगणे एकेक नाव घेऊन वगळले जातात. सेंट बर्नार्ड, प्लॅकमिन्स, जेफरसन असे करत न्यू ऑर्लिन्स शहरापर्यंत. व्हर्जिनियातून पुढे वेस्ट व्हर्जिनिया झालेल्या ४८ काउंट्या (जिल्हे) वगळल्या जातात. टेनेसीचे तर नावच नाही, आणि एकनिष्ठ राहिलेल्या त्या चार राज्यांचेही नाही. मुले विचारतील की जिथे लिंकन यांचे सैन्य होते नेमकी तिथलीच माणसे गुलाम का ठेवली. उत्तर कायद्याचे आहे. राष्ट्राध्यक्षाला कोणाची मालमत्ता काढून घेण्याचा अधिकार नव्हता, आणि त्या काळचा कायदा गुलामाला मालमत्ताच मानत होता. सरसेनापती म्हणून शत्रूचे बळ तोडण्याचा अधिकार मात्र होता, आणि तो शत्रूच्या प्रदेशापुरताच चालत होता. न्यायालयात टिकेल अशा रीतीने लिहिलेला हा कागद आहे, म्हणून तो इतका कोरडा आहे.

त्याच घोषणेत कृष्णवर्णीय पुरुषांना सैन्यात घेण्याची तरतूद आहे, आणि माझ्या मते एकी व समता यांची गाठ तिथे बसली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या बाजूने लढले. लिंकन यांनी आपले मित्र जेम्स कॉन्कलिंग यांना लिहिलेले २६ ऑगस्ट १८६३ चे पत्र यासाठी अवश्य घ्या. आम्ही गुलामांच्या मुक्तीसाठी लढणार नाही असे तुम्ही म्हणता, पण त्यांच्यापैकी काही जण तुमच्यासाठी लढायला तयार दिसतात, असे लिंकन त्यात मुक्तीला विरोध करणाऱ्यांना सुनावतात. आणि ज्या वचनावर ते जीव पणाला लावतात ते वचन पाळलेच पाहिजे, असेही म्हणतात. ग्रीली यांचे पत्र आणि गेटिसबर्गचे भाषण यांच्यामधला दुवा हा आहे, आणि आपल्याकडे तो फारसा वाचला जात नाही.

प्रतिसाद २ : सिडकोची वाचक

वरील प्रतिसाद अतिशय नेमका आहे, पण त्यातून सगळी हालचाल एकट्या राष्ट्राध्यक्षांच्या मनात घडली असा समज होऊ शकतो. ज्यांच्या मुक्तीविषयी हे सगळे चालले होते त्यांचा आवाज आधी ऐकवा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

फ्रेडरिक डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले आणि १८३८ मध्ये तिथून निसटले. रॉचेस्टर येथील गुलामगिरीविरोधी महिला मंडळाच्या निमंत्रणावरून त्यांनी ५ जुलै १८५२ रोजी स्वातंत्र्यदिनाचे भाषण केले. सुरुवातीला ते देशाच्या संस्थापकांचे मनापासून कौतुक करतात, त्यांच्या धैर्याला मान देतात, आणि श्रोते निवांत झाले की सांगतात की हा दिवस तुमचा आहे, माझा नाही. तुम्ही आनंद कराल, मला मात्र शोक करावा लागेल. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला मुक्त राज्यांतूनही पकडून परत नेता येत होते, आणि तो धाक अंगावर असलेली माणसे तेव्हा रॉचेस्टरच्या रस्त्यांवरून ये-जा करत होती. हे लक्षात ठेवून वाचले की भाषणातला संताप अतिशयोक्त वाटत नाही.

याच भाषणात डग्लस संविधानाला टाकून देत नाहीत, आणि मला ते त्यांचे सर्वांत मोठे धाडस वाटते. गुलामगिरीविरोधी चळवळीतले त्यांचे जुने सहकारी विल्यम लॉइड गॅरिसन यांना संविधान म्हणजे गुलामगिरीशी केलेला करार वाटत होता, आणि ४ जुलै १८५४ रोजी त्यांनी फ्रेमिंगहॅमच्या जाहीर सभेत त्याची प्रत जाळली. गॅरिसन यांच्या बाजूने पुरावाही होता. प्रतिनिधी ठरवताना गुलामांची संख्या तीन पंचमांश धरण्याचे कलम, गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी न घालण्याचे कलम आणि पळालेल्यांना परत करण्याचे कलम ही तिन्ही १७८७ च्या संविधानात होती. तरीही डग्लस यांनी त्याला स्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हटले आणि देशाने त्याप्रमाणे वागावे अशी मागणी केली. मागणी करणारे असे लोक नसते, तर लिंकन यांना जपून टाकायलाही पाऊल उरले नसते, असे माझे ठाम मत आहे.

तुमच्या विद्यार्थिनीला मात्र डग्लस यांचे १४ एप्रिल १८७६ चे भाषण द्या. वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांच्या स्मारकाचे अनावरण होते, आणि तिथे, समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट बसलेले असताना, डग्लस म्हणाले की लिंकन हे आधी गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते आणि आम्ही फार तर त्यांची सावत्र मुले. गुलामगिरीविरोधी चळवळीच्या बाजूने पाहिले तर ते संथ, थंड आणि बेफिकीर दिसतात. पण ज्या जनतेचे मत विचारात घेणे त्यांना भाग होते तिच्या मापाने मोजले तर ते वेगवान, तळमळीचे आणि निश्चयी होते. ती जे विचारते आहे ते, लिंकन यांना प्रत्यक्ष भेटलेल्या माणसाने आधीच विचारले आहे, आणि दोन्ही मापे एकाच भाषणात ठेवली आहेत.

प्रतिसाद ३ : देवळाली कॅम्प

मी मुलांना दक्षिणेची कागदपत्रेही वाचायला लावीन, कारण युद्ध गुलामगिरीसाठी नसून राज्यांच्या हक्कांसाठी होते असे आजही कोणी ना कोणी सांगतो. साउथ कॅरोलिनाने डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघण्याची कारणे जाहीर केली. त्यातली मुख्य तक्रार अशी की उत्तरेची राज्ये पळालेले गुलाम परत करत नाहीत आणि त्यासाठी आपापले कायदे करतात. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला हेच त्यांचे गाऱ्हाणे होते. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात तर आमची बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे असे सरळ लिहिले आहे. २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या पिढीची समतेची कल्पना चुकीची ठरवली आणि विषमता हाच आमच्या नव्या राज्याचा पाया आहे असे सांगितले. गेटिसबर्गच्या भाषणातले पहिले वाक्य स्टीव्हन्स यांच्यानंतर वाचले की ते कोणाला उद्देशून आहे ते कळते.

त्याचबरोबर, १८ सप्टेंबर १८५८ रोजी इलिनॉयमधील चार्ल्सटन येथील वादसभेत, दोन वंशांच्या सामाजिक व राजकीय समतेच्या बाजूने मी नाही आणि कधी नव्हतो, असे लिंकन म्हणाले होते, तेही लपवू नका. ११ एप्रिल १८६५ च्या शेवटच्या जाहीर भाषणात काही कृष्णवर्णीयांना, विशेषतः सैनिकांना, मताधिकार मिळावा असे तेच लिंकन म्हणाले. त्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. तीन दिवसांनी त्याने लिंकन यांच्यावर गोळी झाडली.

प्रतिसाद ४ : जुने नाशिक

थोडे आपल्याकडचे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी औदार्य दाखवले होते. तेव्हा गुलामगिरी बंद करणारी अमेरिकेची १३वी दुरुस्ती होऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती. आपल्या देशबांधवांनी शूद्रातिशूद्रांना मुक्त करताना हा कित्ता गिरवावा, ही इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. तुमचा वर्ग पंचवटीत भरतो, म्हणजे २ मार्च १९३० रोजी ज्याच्या दारात सत्याग्रह सुरू झाला ते काळाराम मंदिर मुलांच्या रोजच्या वाटेवर आहे. अर्पणपत्रिका वर्गात वाचा. मुलांना हा विषय परका वाटणार नाही.

पंचवटी वाचनवर्ग

सर्वांचे मनापासून आभार. आता क्रम असा ठरवत आहे : डग्लस १८५२, मग स्टीव्हन्स, ग्रीली यांचे पत्र व मुक्तीची घोषणा एकत्र, कॉन्कलिंग यांचे पत्र, गेटिसबर्ग, ४ मार्च १८६५ चे दुसरे शपथविधीचे भाषण, आणि शेवटी डग्लस १८७६. एक शंका राहते. १३व्या दुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल असा अपवाद आहे. तो कशासाठी ठेवला, आणि त्याचा परिणाम काय झाला?

कायद्याचा वाचक, गंगापूर रोड

सर, तो अपवाद नवा नव्हता. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशात असेच शब्द होते आणि तेच पुढे चालू राहिले. पण ६ डिसेंबर १८६५ रोजी दुरुस्ती मंजूर होण्याच्या सुमारास दक्षिणेच्या राज्यांनी काळ्या लोकांसाठी वेगळे कायदे करायला सुरुवात केली होती. मिसिसिपीत वर्षाचा मजुरीचा करार दाखवता न येणाऱ्याला भटक्या ठरवून दंड करत, आणि दंड भरता आला नाही की त्याला मजुरीसाठी दुसऱ्याच्या हवाली करत. पुढे कैदी भाड्याने देण्याची पद्धत त्याच फटीतून वाढली. १८६८ ची १४वी दुरुस्ती याच अनुभवातून आली. इथे जन्मलेला प्रत्येक जण नागरिक आहे असे म्हणून तिने काळ्या माणसांना नागरिकत्व नाकारणारा ड्रेड स्कॉट खटल्याचा १८५७ चा निकाल पुसून टाकला, आणि कायद्याचे समान संरक्षण हे राज्यांवरही बंधनकारक केले. म्हणून तुमच्या यादीत १४वी दुरुस्ती डग्लस यांच्या १८७६ च्या भाषणाआधी घाला.

आणि मे १८६५ मधली एक सभाही सांगा. युद्ध संपले होते, आणि अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्थेचे काम संपले, ती आता विसर्जित करावी, असे गॅरिसन यांनी सुचवले. काळ्या माणसाच्या हातात मत येत नाही तोवर गुलामगिरी संपलेली नाही, असे डग्लस यांनी तिथे सांगितले. सभासदांनी गॅरिसन यांची सूचना फेटाळली, आणि संस्था वंशावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी १५वी दुरुस्ती संमत होईपर्यंत, म्हणजे १८७० पर्यंत, चालू राहिली.