मदत हवी आहे: डेबियन पॅकेजमध्ये जावा कुठला धरायचा?

मंडळी, एका ओपन सोर्स जावा प्रोग्रामचं डेबियन लिनक्ससाठी पॅकेज बनवतोय, त्याला कमीत कमी जावा १७ लागतं. डिपेंड्समध्ये (पॅकेजला सोबत काय काय लागतं ती यादी) आधी डिफॉल्ट-जेआरई-हेडलेस, म्हणजे डेबियनचं ठरलेलं जावा, आणि मग उभी रेघ (म्हणजे 'किंवा') टाकून जावा१७-रनटाइम-हेडलेस हे व्हर्च्युअल पॅकेज (नुसतं नाव, जे खरी पॅकेजेस पुरवतात) लिहिलंय, म्हणजे कुणाकडे ओपनजेडीके (ओपन सोर्स जावा) १७ असो की २१, दोन्ही चालतात, कारण २१ वालं पॅकेज पण ते नाव प्रोव्हाइड करतं. इथपर्यंत सगळं मस्त.

घोळ पुढे आहे. डेबियन ११ वरून १२ वर अपग्रेड केलेल्या मशीनवर ओपनजेडीके ११ तसंच पडून असतं, आणि कुणी अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने (एका कमांडसाठी अनेक व्हर्जनमधून एक निवडायचं टूल) ते मॅन्युअली निवडलं असेल तर १७ इन्स्टॉल होऊनही जावा कमांड ११ लाच जाते. डिपेंडन्सी पूर्ण, एपीटी (पॅकेज इन्स्टॉल करणारं टूल) खूश, पण प्रोग्राम उघडताच एरर येतो की क्लास फाइल व्हर्जन ६१ (म्हणजे जावा १७) आहे आणि हा रनटाइम (प्रोग्राम चालवणारं जावा) ५५ (म्हणजे जावा ११) पर्यंतच ओळखतो. बिचाऱ्या युजरला यातून काय कळणार?

लाँचर स्क्रिप्टमध्ये १७ चा पूर्ण पाथ टाकला तर २१ वाले अडकतात, शिवाय पाथमध्ये एएमडी६४ हे प्रोसेसरच्या प्रकाराचं नाव येतं म्हणजे एआरएमवर बोंब. डिफॉल्ट-जावा सिमलिंक (ठरलेल्या जावाच्या फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट) वापरावी तर ज्याने डिफॉल्ट पॅकेज न घेता नुसतं २१ टाकलंय त्याच्याकडे ती नसतेच. युजरची सिस्टिमभरची निवड पॅकेजने बदलणं मला अजिबात पटत नाही, त्याचं दुसरं काहीतरी ११ वर चालत असेल ना.

जावा-रॅपर्स पॅकेजमधलं रनटाइम शोधणारं फंक्शन कुणी अशा केसमध्ये वापरलंय का? जावा_होम (जावा कुठे आहे ते सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) आधीच सेट असेल तर त्याचा मान राखायचा की व्हर्जन तपासून पुढे जायचं? स्क्रिप्टचा नमुना असेल तर प्लीज टाका.