अपडेटनंतर लॅपटॉपचा कॅमेरा गायब, सल्ला हवा (बजेट शून्य)

काळापडदा
लॅपटॉप चार वर्षांचा, विंडोज ११. काल रात्री अपडेट झालं आणि सकाळपासून आतला वेबकॅम सापडत नाही. कॅमेरा अ‍ॅप उघडलं की 'वी कान्ट फाइंड युअर कॅमेरा', खाली एरर कोड, त्याचे शेवटचे चार आकडे ४२४४. कॅमेऱ्यावरचं सरकतं झाकण उघडंच आहे, तपासलं. परवा ऑनलाइन मुलाखत आहे. बाहेरचा कॅमेरा घ्यायचा नाही, हाच चालू करायचाय. सुरुवात कुठून करू?

झटपट
बाहेरचा १०८० पी यूएसबी कॅमेरा घ्या, लावा, विषय संपला. आतल्या कॅमेऱ्याची लेन्स तांदळाच्या दाण्याएवढी, तिच्यात जीव तो काय. माझा बाहेरचा आहे, एकदाही रुसलेला नाही.

काळापडदा
बजेट शून्य लिहिलंय हो.

कडीकुलूप
प्रायव्हसी बघा. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, कॅमेरा. तिथे तीन बटणं असतात: कॅमेरा अ‍ॅक्सेस, अ‍ॅप्सना परवानगी आणि अगदी खाली डेस्कटॉप अ‍ॅप्सना परवानगी. तिसरं लोक विसरतात. ब्राउझर डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये मोडतो, त्यामुळे वरची दोन चालू असूनही मीटिंगमध्ये काळी चौकट दिसते. अँटिव्हायरसमध्ये वेबकॅम संरक्षण असेल तर तेही तात्पुरतं बंद करून बघा.

तारतम्य
परवानगीचा घोळ असता तर कोड बहुधा वेगळा आला असता. शेवटी ४२४४ म्हणजे विंडोजला कॅमेरा जोडलेलाच दिसत नाही. ४२४३ असता तर दुसऱ्या अ‍ॅपने कॅमेरा धरून ठेवलाय असं म्हटलं असतं. धागाकर्ते, डिव्हाइस मॅनेजर उघडा (स्टार्टवर राइट क्लिक), व्ह्यू मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' करा आणि 'कॅमेराज' किंवा 'इमेजिंग डिव्हायसेस' खाली काय आहे ते सांगा. पुसट आयकॉन आहे, पिवळा त्रिकोण आहे, की नोंदच नाही? तिन्हींची औषधं वेगळी.

रजिस्ट्रीराजे
हा जुनाच रोग. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) विंडोज मीडिया फाउंडेशनच्या 'प्लॅटफॉर्म' कीमध्ये 'एनेबल फ्रेम सर्व्हर मोड' नावाची डीवर्ड (आकडी नोंद) बनवा, किंमत ०.

तारतम्य
ती २०१६ ची गोष्ट. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीत एकच कॅमेरा अनेक अ‍ॅप्सना वापरता यावा म्हणून फ्रेम सर्व्हर आणला आणि एमजेपेग व एच.२६४ या दाबलेल्या स्वरूपांत व्हिडिओ देणाऱ्या कॅमेऱ्यांचं चित्र गोठायला लागलं. तेव्हा कॅमेरा दिसत होता, चित्र अडकत होतं. इथे कॅमेराच दिसत नाही.

रजिस्ट्रीराजे
करून बघायला काय जातं?

पेंग्विनमित्र
उबंटूची (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) पेन ड्राइव्ह बनवा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' मधून चालवा आणि टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' मारा, यूएसबीवर जोडलेल्या गोष्टींची यादी येते. बहुतेक लॅपटॉपचा आतला कॅमेरा यूएसबीवरच असतो. यादीत आला तर कॅमेरा ठणठणीत आणि दोषी विंडोज. तिकडे असल्या अपडेटच्या भानगडी नाहीतच.

कडीकुलूप
आहेत हो, कर्नल (प्रणालीचा गाभा) बदलला की तिकडेही कॅमेरे जातात. पण चाचणी चांगली. फक्त सिक्युअर बूट (सुरू होताना प्रणालीची सही तपासणारी सोय) बंद करू नका. उबंटूला त्याची गरज नाही, आणि बंद केलंत तर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागत बसेल. तशीही की आधी लिहून ठेवा.

काळापडदा
तारतम्य, पुसट आयकॉन आहे. प्रॉपर्टीजमध्ये कोड ४५. परवानग्या तिन्ही चालू आहेत.

तारतम्य
कोड ४५ म्हणजे 'पूर्वी होता, आत्ता जोडलेला नाही'. ड्रायव्हर बदलायची घाई नको, आधी कॅमेरा यूएसबी बसवर (आतल्या जोडणीवर) परत आणायचा.

नुसतं शटडाउन पुरत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज कर्नल डिस्कवर साठवून झोपतं आणि पुढच्या वेळी तीच अवस्था उठवतं. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. मग चार्जर काढा, बाकी काही जोडलेलं असेल तर तेही काढा आणि पॉवर बटण सलग ३० सेकंद दाबून ठेवा. मदरबोर्डवरच्या कंट्रोलरमध्ये उरलेली वीज त्याने निघून जाते. मधेच दिवा लागला तर मशीन सुरू झालंय, पुन्हा बंद करून नव्याने करा. मग चार्जर लावून आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग्ज) जा आणि कॅमेरा 'एनेबल्ड' आहे का बघा. फर्मवेअरही (मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं असेल तर तिथल्या सेटिंग्ज बदललेल्या असू शकतात.

स्क्रूड्रायव्हर
स्क्रीन हळूहळू पुढे-मागे करा आणि डिव्हाइस मॅनेजरवर डोळा ठेवा. कॅमेरा येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी केबल ढिली. अपडेट त्याच रात्री झालं हा निव्वळ योगायोगही असू शकतो.

झटपट
एवढ्या वेळात नवा कॅमेरा घरी आला असता.

काळापडदा
३० सेकंदांचा प्रयोग केला. दुसऱ्या खेपेला कॅमेरा परत आला, पण पिवळ्या त्रिकोणासकट. आता कोड १०, 'डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट'. स्क्रीन हलवून फरक नाही. 'रोल बॅक ड्रायव्हर' पुसट आहे, दाबताच येत नाही.

कडीकुलूप
अपडेट हिस्टरीत जाऊन कालचं अपडेट अनइन्स्टॉल करा.

तारतम्य
आधी त्याच पानावर 'ड्रायव्हर अपडेट्स' असा वेगळा गट आहे का बघा. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर तिथे असेल तर मासिक अपडेट काढून तो जाणार नाही, उलट सुरक्षेच्या दुरुस्त्या जातील. रोल बॅक पुसट म्हणजे परत जायला जुना ड्रायव्हर शिल्लक नाही.

आता 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून पुन्हा स्कॅन केलंत तर विंडोज स्वतःच्या साठ्यातून तोच बिघडलेला ड्रायव्हर परत बसवेल. इथेच बहुतेक जण गोल गोल फिरतात. त्याऐवजी कॅमेऱ्यावर राइट क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक', आणि यादीतून 'यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस' निवडा. हा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर, यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांचं सामायिक मानक) प्रमाणात बसणारा कॅमेरा त्यावर चालतो.

पण आधी प्रॉपर्टीजच्या डिटेल्स टॅबमध्ये 'हार्डवेअर आयडीज' बघा. सुरुवात 'यूएसबी' ने असेल तरच हे करा. काही नव्या पातळ लॅपटॉपांत कॅमेरा यूएसबीऐवजी एमआयपीआय नावाच्या वेगळ्या जोडणीवरून थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, तिथे कंपनीचाच ड्रायव्हर लागतो.

रजिस्ट्रीराजे
यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस मीही सुचवणार होतो.

काळापडदा
आयडी यूएसबीनेच सुरू होतो. ड्रायव्हर बदलला, त्रिकोण गेला, चित्र आलं! मीटिंग अ‍ॅपमध्ये आधी राखाडी, भुतासारखा दिसत होतो. यादीत दोन कॅमेरे होते, त्यातला इन्फ्रारेड निवडला गेला होता. दुसरा निवडल्यावर रंग आले. फक्त चेहरा दाखवून लॉगिन होत नाही.

तारतम्य
बऱ्याच मॉडेलांत ते लॉगिन कंपनीच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतं. कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा, कालच्या आधीच्या तारखेचा ड्रायव्हर उतरवून बसवा.

कडीकुलूप
+१. आणि अपडेट पाच आठवडे पॉज करा, नाहीतर तोच ड्रायव्हर पुन्हा येईल. प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीतून अपडेटमधले ड्रायव्हर तेवढे वगळता येतात.

काळापडदा
पॉज केलं. जुना ड्रायव्हर मात्र बसवत नाही. चित्र येतंय, लॉगिनला पिन टाकेन. मुलाखत झाली तरी आता याला हात लावायचा नाही.

पेंग्विनमित्र
मग तीन पानी सल्ला घेतला कशाला!

नवाभिडू
धागा पूर्ण वाचला नाही. कॅमेऱ्यावरचं सरकतं झाकण बंद नाही ना?