थिंबल दाबण्याआधी सोल्डर लावू नका

काही जण सुचवतात की थिंबल (वायरच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टर्मिनल) दाबण्याआधी वायरच्या टोकाला थोडं सोल्डर लावलं की जॉइंट पक्का होतो, तर कृपया असं करू नका. सोल्डर मऊ असतं, सतत दाबाखाली राहिलं की हळूहळू पसरतं, मग पकड ढिली होते, रेझिस्टन्स वाढतो आणि जॉइंट तापायला लागतो. नीट केलेल्या क्रिम्पमध्ये, म्हणजे थिंबल दाबून केलेल्या जॉइंटमध्ये, तांब्याच्या तारा आणि थिंबलची नळी इतक्या घट्ट दाबल्या जातात की मध्ये हवेला जागाच उरत नाही, म्हणून आत गंज धरत नाही.

खरा घोळ दाबण्यात होतो. आपल्याकडे बरेच वायरमन साध्या पकडीने थिंबल चेपटवतात आणि वरून टेप गुंडाळतात, ते बघून जीव खालीवर होतो. रॅचेटवालं क्रिम्पिंग टूल घ्या, पूर्ण दाब बसल्याशिवाय ते उघडतच नाही. इन्सुलेटेड (प्लास्टिकचं आवरण असलेल्या) थिंबलचा रंगही बघा, त्यावरून कोणत्या जाडीची वायर बसेल ते कळतं: लाल १.५ स्क्वेअर एमएमपर्यंत, निळा २.५ पर्यंत, पिवळा ४ ते ६. दाबून झालं की वायर जोरात ओढून बघायची, निघाली तर कापून नवीन थिंबल.

जंक्शन बॉक्ससाठी मात्र मला वॅगो कंपनीचे २२१ सिरीजचे लिव्हरवाले कनेक्टरच आवडतात, ११ एमएम सोलायचं, लिव्हर उचलून वायर आत सारायची, लिव्हर खाली, झालं काम. बॉडी पारदर्शक आहे त्यामुळे तांबं शेवटपर्यंत पोचलंय का ते डोळ्यांनी दिसतं. आत स्प्रिंग दाबून धरते, सो तिथेही सोल्डर लावलेली टोकं नकोत.